मोठ्यांनी बोर्डिंगची गोष्ट कशी वाचावी

दर वर्षी मे-जूनमध्ये दोन-तीन पालक तरी मला विचारतात, ‘मॅडम, पोरीनं वसतिगृहाच्या गोष्टीचं पुस्तक आणलंय, वाचू द्यावं का?’ नवोदयला नंबर लागलेल्या लेकरांचे आईबाप विचारतात, अकरावीसाठी लातूरला खोली बघायला निघालेले विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तुम्ही वाचा. मात्र तपासायला बसल्यासारखं वाचू नका. या कादंबऱ्या बारा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या असतात, आणि मोठं माणूस त्यात शिरलं की हमखास चुकीच्या दारानं शिरतं. मीही तशीच शिरले होते.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात मी गृहपाल आहे, 22 वर्षं झाली. त्याआधी 1986 ते 1992 मी स्वतः अंबाजोगाईत बोर्डिंगला होते, पाचवी ते दहावी. पेटीला कुलूप लावून किल्ली जपणारी पोरगी मी होते, आणि रात्री नऊला हजेरी घेणारी बाईही मीच आहे.

2013 ची गोष्ट सांगते. दसरा झाला होता, निम्म्या मुलींचे आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्याकडं गेले होते. शिरूरकडची नववीतली एक मुलगी अभ्यासाच्या तासाला वहीखाली पुस्तक धरून वाचत होती. मराठीत अनुवाद झालेली कादंबरी. मुखपृष्ठावर रात्रीच्या वेळी खिडकीतून उतरणारी मुलगी. ते चित्र बघूनच मी पुस्तक काढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. परीक्षा झाल्यावर देईन म्हणाले. तीन दिवस ती रोज यायची, ‘मॅडम, माझं पुस्तक कधी द्यायलात?’ चौथ्या दिवसापासून यायची थांबली. मग माझ्याशी बोलायचीही थांबली. हजेरीला ‘हजर’ एवढाच शब्द.

महिनाभरानं एका रात्री मी ते पुस्तक वाचायला घेतलं. हातात लाल पेन होता. यात वाईट काय काय आहे ते लिहून काढायचं आणि तिच्या वर्गशिक्षिकेला दाखवायचं, असं मनात होतं. पाऊणएक तास माझी यादी वाढत होती: खिडकीतून उतरणं, खोटं बोलणं, रेक्टरची नक्कल. मग एका पानावर समासात नखानं ओढलेली रेघ दिसली. पेन्सिल नाही, नख. एकाच ओळीशेजारी तीनदा ओढलेली. तो प्रसंग पालकांच्या भेटीच्या दिवसाचा होता. सगळ्यांचे आईवडील आलेत, आणि नायिका इमारतीमागं जाऊन हरवलेला चेंडू शोधतेय. म्हणजे तिच्याकडं कुणी आलेलं नाही हे कुणाला कळू नये.

माझ्या त्या मुलीचे आईबाप तेव्हा कोल्हापूरकडं एका फडावर होते. गुढीपाडव्याशिवाय येणार नव्हते.

सकाळी पुस्तक परत दिलं. माझं चुकलं, म्हणाले. तिनं विचारलं, ‘तुम्ही सगळं वाचलं का?’ हो म्हणाले. मग म्हणाली, ‘ती खरंच चेंडू हुडकायली का नुसतं दाखवायली?’ मला वाटतं दाखवतेय, मी म्हणाले. ‘मला पण तसंच वाटलं.’ एवढं बोलून ती शाळेला गेली. संध्याकाळी हजेरीला मात्र माझ्याकडं बघून ‘हजर’ म्हणाली.

म्हणून पहिलं काम: पेन बाजूला ठेवा. मुलामुलीनं आधी वाचलेलं पुस्तक असेल तर त्यातल्या खुणा बघत वाचा. दुमडलेला कोपरा, तेलकट बोट, नखाची रेघ. तुम्हाला भीती वाटते तो प्रसंग आणि मूल ज्या प्रसंगापाशी थांबलं तो प्रसंग बहुतेक वेळा वेगळे निघतात. खिडकीचं चित्र मी पाहिलं होतं, आणि तिनं चेंडू पाहिला होता.

दुसरं काम, जवळ एक वही ठेवा. उघडल्यावर डाव्या पानावर तुमच्या स्वतःच्या आठवणी, उजव्या पानावर पुस्तकातलं. तुम्ही बोर्डिंगला राहिलेले असाल तर ही वही लागतेच. मी पहिल्या रात्रीचं प्रकरण वाचायला घेतलं की माझीच पहिली रात्र वर येते. पत्र्याची पेटी, तळाला आईनं अंथरलेला पेपर, फडक्यात धपाटे, बरणीत शेंगदाण्याची चटणी. पेटीची किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. त्या रात्री मी किल्ली गालाखाली धरून झोपले आणि सकाळी गालावर तिचे दात उमटले होते. शेजारच्या मुलीनं ते बघितलं आणि स्वतःचा गाल दाखवला. तिच्याही गालावर तसंच. आमची मैत्री तिथून सुरू झाली. हे सगळं डोळ्यांपुढं आलं की छापलेलं पान दिसेनासं होतं. एकदा अशाच एका प्रकरणावर मी भरपूर रडले, आणि दुसऱ्या दिवशी परत वाचताना लक्षात आलं की त्यातल्या मुलीला घर सोडल्याचा आनंद झाला होता. घरी तिच्या वाट्याला कुणी येत नव्हतं, इथं निदान एक खाट आणि एक खुंटी तिची होती. मी रडले होते ती माझ्यासाठी. डाव्या पानावर आपलं लिहून टाकलं की उजवं पान मोकळं राहतं.

जे कधी वसतिगृहात राहिले नाहीत त्यांना वेगळी अडचण येते. ते ‘टाकलं’ या शब्दासकट पुस्तक उघडतात. आपल्याकडं पोराला बोर्डिंगला टाकतात. लातूरला टाकलं, नवोदयला टाकलं. फार तर ‘ठेवलं’ म्हणतात. क्रियापद कायम आईबापाचं. या कादंबऱ्यांमध्ये मूल स्वतः बोलत असतं: मी आले, मी राहिले, मी पळाले, मी परत आले. वाचताना हा फरक मुद्दाम पकडा. पहिली काही पानं झाली की थांबा आणि तीच हकिगत आईबापाच्या तोंडून मनात सांगून बघा. काय काय गळतं ते कळेल.

आता या पुस्तकांतल्या मोठ्या माणसांबद्दल. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथंच मोठा वाचक सगळ्यात जास्त चिडतो.

बोर्डिंगच्या कादंबरीत मोठी माणसं एक तर दिसत नाहीत, दिसली तर मूर्ख असतात, नाहीतर दुष्ट असतात. वॉर्डन तर बहुधा तिन्ही असते. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. दूध कुणी मोजून घेतलं, तापातल्या मुलीच्या कपाळावर रात्री दोनला पट्ट्या कुणी ठेवल्या, हे कुठंच का नाही? पुष्कळ वाचल्यावर कारण समजलं. मोठं माणूस शहाणं आणि हजर असेल तर पहिल्याच प्रकरणात सगळं मिटेल आणि मुलांना करायला काही उरणार नाही. लेखकाला मोठ्यांना बाजूला करावंच लागतं. कुठं आईबाप परदेशी असतात, कुठं वारलेले असतात. शाळा दूर डोंगरात किंवा समुद्राकाठी असते, कारण अंतरानं ते काम आपोआप होतं. हे एकदा मान्य केलं की वॉर्डनचा अपमान आपल्याला लागत नाही, आणि तुम्ही पुस्तक वाचू शकता.

मान्य केलं म्हणजे डोळे मिटले असं मात्र नाही. या प्रकारच्या कादंबऱ्यांचं मूळ म्हणून इंग्लंडमधलं 1857 सालचं ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ सांगतात. रग्बी नावाची खरी शाळा, डॉ. थॉमस अर्नोल्ड हे तिचे खरे मुख्याध्यापक. तिथं लहान मुलांनी मोठ्या मुलांची कामं करायची रीत होती आणि त्या रीतीला नावही होतं, फॅगिंग. मी हे वाचलं तेव्हा चाळिशीत होते. आमच्या बोर्डिंगात आम्ही पाचवी-सहावीच्या मुली दहावीच्या मुलींच्या बादल्या आडावरून भरून आणायचो. त्याला नाव नव्हतं, म्हणून ते काही आहे असं आम्हाला वाटतही नव्हतं. त्या कादंबरीत फ्लॅशमन नावाचा दांडगट मुलगा टॉमला शेकोटीपुढं धरून भाजतो. पुढं त्याला शाळेतून काढतात. पण कशाबद्दल? दारू पिऊन सापडला म्हणून. पोराला भाजल्याबद्दल नव्हे.

हे वाचून मी रात्री उठून बसले. गृहपाल म्हणून माझ्या नोंदवहीत काय काय लिहिलं जातं याचा विचार केला. उशिरा आली. मोबाइल सापडला. विनापरवाना बाहेर गेली. कोण कुणाची बादली भरतं, कुणाच्या ताटातली भाजी कुणाच्या ताटात जाते, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी नळाच्या वेळेला तिथं जाऊन उभी राहायला लागले. मोठ्या वाचकानं अशा कादंबरीतून घ्यायचं असेल तर हे घ्यावं: जिथं मुलाला त्रास होतो तिथं मोठं माणूस कुठं उभं होतं ते शोधावं. प्रत्येक प्रकरणानंतर वहीत एक ओळ लिहा, ‘या वेळी बाई कुठं होत्या?’ बऱ्याचदा उत्तर मिळतं, ऑफिसात होत्या, काहीतरी लिहीत होत्या.

चांगलं मोठं माणूस कागदावर कसं असतं तेही बघा. अमेरिकेतल्या 2005 सालच्या ‘लुकिंग फॉर अलास्का’ या जॉन ग्रीनच्या कादंबरीत वसतिगृहावर नजर ठेवणाऱ्या डीनला मुलं गरुड म्हणतात. एका घटनेच्या आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस अशी मोजणी करत ती कादंबरी चालते. ती सोळा वर्षांच्या आतल्यांना मी स्वतःहून देत नाही, दारू आणि मृत्यू दोन्ही आहे त्यात. मोठ्यांनी मात्र जरूर वाचावी. लेखक स्वतः अलाबामातल्या निवासी शाळेत शिकला आहे, आणि मुलांच्या खोलीतलं बोलणं कसं असतं ते त्याला नेमकं ठाऊक आहे.

आपल्याकडं चांगला वसतिगृहप्रमुख म्हटलं की साने गुरुजी आठवतात. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या आवरून ठेवायचे, आणि मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. मला यातलं दैनिक जास्त मोठं वाटतं. रात्री झोपताना आपल्या बाईच्या किंवा सरांच्या मनात काय असतं, हे कुठल्या वसतिगृहातल्या मुलाला कळतं? अमळनेरच्या मुलांना वाचायला मिळायचं. मी तसं काही काढू शकले नाही. पण फळ्यावर रोज दोन ओळी लिहिते, हवापाणी, कुणाचं पत्र आलं, मी काय वाचतेय.

मराठी वाचकाला आणखी एका गोष्टीची सवय सोडावी लागते. वसतिगृह आपल्या साहित्यात आलं ते बहुतेक आत्मचरित्रातून. भूक, अपमान, एका जोडी कपड्यावर काढलेलं वर्ष, आणि त्यातून शिकून वर आलेला माणूस मागं वळून सांगतोय. ते वाचून वाढलेल्या माणसाच्या हाती किशोरांची कादंबरी पडली की तो वैतागतो. दोनशे पानं कशाबद्दल, तर मैत्रीण जेवायला दुसऱ्या पंगतीला बसली!

वैतागू नका. मी रोज तीन पंगती बघते. आठवीतली मुलगी ताट घेऊन उभी राहते, नेहमीच्या जागेकडं बघते, तिथं दुसरंच कुणी बसलेलं असतं. ती कुठं बसू या विचारात चार-पाच सेकंद उभी असते. घरी राहणारी मुलगी असं झालं तर संध्याकाळी आईजवळ जाते. इथं संध्याकाळी परत तीच पंगत, रात्री शेजारची तीच खाट, सकाळी नळावर तीच रांग. वसतिगृहात मैत्रीण हेच घर असतं, ते घर दुपारी एक वाजता मोडलं तर रात्री झोपायला दुसरं नसतं. हे समजून वाचलं की ती दोनशे पानं कमी वाटतात. आत्मचरित्र लिहिणारा माणूस तिथून बाहेर पडलेला असतो. कादंबरीतली मुलगी अजून आत आहे आणि तिला उद्या सकाळचं ठाऊक नाही. तसंच वाचा, शेवट आधी बघू नका.

आपल्या आणि पुस्तकातल्या परिस्थितीच्या फरकाबद्दल थोडं. इंग्रज लेखिका एनिड ब्लायटनच्या मॅलरी टॉवर्स या शाळेच्या सहा गोष्टी 1946 ते 1951 या काळातल्या. समुद्रकाठची शाळा, खडकात कोरलेला पोहण्याचा तलाव, भरती आली की तो समुद्राच्या पाण्यानं भरतो. 2016 च्या उन्हाळ्यात मी ते मुलींना मराठीत सांगत सांगत वाचून दाखवत होते. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं आणि आमच्याकडं टँकरच्या पाण्यावर माणशी एक बादली चालू होती. तलावाचं वर्णन आलं तेव्हा मी अडखळले, गाळावं का असं वाटलं. गाळलं नाही. सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘खारं पाणी, मॅडम. अंग धुवून परत गोड्या पाण्यानं धुवावं लागंल.’ मग पंधरा मिनिटं त्या शाळेत गोडं पाणी कुठून येत असेल यावर चर्चा झाली. कुणालाही वाईट वाटलं नव्हतं. ‘हे आपलं नाही’ असं मुलांना आधीच सांगू नका, त्या आपल्या डोक्यानं तिथं जातात आणि आधी पाण्याची सोय बघतात.

मध्यरात्रीच्या चोरट्या मेजवान्या प्रत्येक पुस्तकात असतात. त्यावर फार विचार करू नका. आमच्याकडं दिवाळीचा फराळ आणि येसर मसाल्याची पुडी यावर तेच चालतं, आणि मला ते आवाजावरून कळतं.

वाचून झाल्यावर मुलाशी बोलणार असाल तर ‘यातून काय शिकलीस?’ हे विचारू नका. तो प्रश्न ऐकला की चेहरा बंद होतो. ‘तू कुणाच्या खोलीत राहिली असतीस?’ असं विचारा. ‘त्या बाईंच्या जागी तू असतीस तर?’ असं विचारा. आणि विचारून गप्प बसा, उत्तराला दिवस लागतात. माझा अनुभव असा की उत्तर भांडी घासताना किंवा कपडे वाळत घालताना येतं, समोरासमोर बसून येत नाही.

कधी कधी उत्तर पुस्तकाबद्दल नसतं. ‘त्या पुस्तकातल्या सरांसारखं आमच्या गावात एक जण...’ अशी सुरुवात होते. तिथं हातातलं काम सोडा आणि ऐका. मध्ये प्रश्न विचारू नका, रागावू नका, ‘आधी का नाही सांगितलंस’ असं चुकूनही म्हणू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. अठराच्या आतल्या मुलाबाबत लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक असो, गृहपाल असो की शेजारी. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण दोघी मिळून मदत घेऊ,’ एवढं म्हणा. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर फुकट लागतो, दिवसरात्र. आमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या दाराला आतून मी तो नंबर चिकटवला आहे. ऑफिसच्या भिंतीवर लावलेला नंबर वाचायला कुणी थांबत नाही, कारण थांबलेलं दिसतं. पुस्तक निवडताना कितीही वेळ थांबलं तरी कुणी विचारत नाही.

पुस्तक केव्हा द्यायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि पुष्कळ पालकांना ते पटत नाही. जूनमध्ये मूल वसतिगृहात जाणार असेल तर मेमध्ये बोर्डिंगची कादंबरी देऊ नका. तेव्हा ती भविष्य सांगितल्यासारखी वाचली जाते. पहिल्या रात्री मैत्रीण मिळणार असं पुस्तकात असतं, आणि पाचव्या रात्रीही मिळाली नाही की मुलाला वाटतं आपल्यातच खोट आहे. दिवाळीच्या सुट्टीत द्या. चार महिने राहून आलेलं मूल पुस्तकाशी भांडतं: ‘असं कुठं असतं का’, ‘हे मात्र खरंय’. तेव्हा तुम्हीही तुमची वही काढून बसा. नवोदयच्या मुलांना आठवीच्या शेवटी परत एकदा द्या. नववीत तिथली काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला जातात, आणि सहावीत घेतलेला निरोप त्यांना पुन्हा एकदा घ्यावा लागतो.

माझ्या कपाटात आता अशी चाळीसएक पुस्तकं आहेत. पुस्तक परत आलं की मी पानं फाटलीत का ते बघत नाही. ट्यूबलाइटखाली एकेक पान जरा तिरकं धरते. नखाची रेघ सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. अशी रेघ सापडली की ती ओळ दोनदा वाचते आणि पुढच्या रविवारी, भेटायला येणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा, त्या मुलीला बिनकामाचं काहीतरी काम सांगून स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसवून घेते.